सेकंदाला चारशे वेळा तुटणारा आवाज

गाडीच्या बॅटरीतली वीज अगदी सरळसोट असते. बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट. तिच्यात चढ नाही, उतार नाही, थरथर नाही. आणि आवाज म्हणजे तर निव्वळ थरथर! हवा पुढेमागे हलली नाही, तर कानापर्यंत काहीच पोचत नाही. मग जी वीज स्वतः ढिम्म आहे, ती हवेला सेकंदाला चारशे वेळा हलवते कशी? साठ वर्षांपूर्वीच्या फियाटच्या हॉर्नमध्ये चिप नव्हती, ट्रान्झिस्टर नव्हता. तरी बटण दाबलं की पुढचा माणूस दचकून बाजूला व्हायचाच.

उत्तर ऐकलं की आधी हसू येतं आणि मग आपण गप्प होतो. हॉर्न स्वतःच स्वतःची वीज तोडतो. तोडतो म्हणूनच वाजतो.

तळहाताएवढ्या जुन्या हॉर्नचं पोट उघडून बघा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याच्या मधोमध लोखंडी गाभा. समोर स्प्रिंगच्या पोलादाचा पातळ, गोल पडदा आणि त्याच्या मध्यावर घट्ट बसवलेला लोखंडाचा छोटा दट्ट्या. बटण दाबलं की वेटोळ्यातून वीज वाहते, गाभ्याचा लोहचुंबक होतो आणि तो दट्ट्याला खेचून घेतो. पडदाही त्याच्याबरोबर आत वाकतो. गोष्ट इथेच संपली असती तर एकदाच ‘टक्’ झालं असतं आणि पुढे शांतता. पण दट्ट्याच्या वाटेत एक पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. आत येता येता दट्ट्या तिला ढकलतो, पट्टीवरचा पॉइंट समोरच्या पॉइंटपासून सुटतो आणि वीज तुटते. कुठली वीज? दट्ट्याला खेचणारी, तीच! चुंबकाचा जोर ओसरतो, ताठ पडदा उसळी मारून परत जातो, पट्टी सुटी होते, पॉइंट पुन्हा टेकतात, वीज पुन्हा सुरू. पुन्हा ओढ, पुन्हा तूट.

किती वेळा? साधारण चारशे वेळा, एका सेकंदात. सिग्नल सुटल्यावर मागच्या गाडीवाल्याने दोन सेकंद बोट दाबून धरलं, तर तेवढ्यात आठशे वेळा वीज जोडली आणि तोडली गेली. बिचाऱ्याला वाटतं, आपण एकदाच हॉर्न दिला.

ही शक्कल मोटारीसाठी निघालेलीच नाही. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने पाहिलं, की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. पुढच्या वीस वर्षांत विजेचे चुंबक तयार झाले आणि १८३० च्या दशकात जर्मनीत फ्रँकफर्टला स्वतःची वीज स्वतःच तोडणारी पट्टी जन्माला आली. ‘वॅग्नरचा हातोडा’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या जन्माशी नाव जोडलेला दुसरा माणूस, नेफ, हा डॉक्टर. रुग्णांना विजेचे सौम्य झटके देऊन उपचार करण्याचं वेड तेव्हा युरोपभर होतं आणि झटके द्यायचे तर वीज सारखी तुटायला हवी. आपल्या शाळेची विजेची घंटा याच पट्टीवर खणखणते. हॉर्नने तिच्यातली हातोडी काढली आणि पडदा बसवला, इतकंच.

सगळेच या वाटेने गेले नाहीत. अमेरिकेच्या मिलर रीस हचिसनने एक छोटी मोटर घेतली, तिच्यावर दातेरी चाक बसवलं आणि ते चाक पडद्याच्या मध्यावरच्या टोकावर घासत फिरवलं. मोटर वेग घेताना आवाज चढतो, थांबताना उतरतो. जुन्या इंग्रजी चित्रपटांतल्या गाड्या ‘आऽऊऽगा’ ओरडतात ना, तोच हा क्लॅक्सन. १९०८ च्या सुमाराला तो विकायला आला. याच हचिसनने त्याआधी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं, आणि इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा ते वापरायची. एकाच माणसाने आधी बहिऱ्यांना ऐकायला दिलं आणि मग ऐकू येणाऱ्यांना कानांवर हात ठेवायला लावलं!

पण खरी कमाल हॉर्नच्या दर्शनी बाजूला आहे. पडद्यापुढे आणखी एक जाडसर चकती दिसते. ती शोभेची नाही. चारशेच्या वेगाने हलणारा आवाज काहीसा जाड असतो. इंजिनची घरघर आणि टायरचा घोष हेही जाडच, त्यामुळे तो त्यांत बुडून जायचा. म्हणून दट्ट्या प्रत्येक फेरीत गाभ्यावर आपटतो आणि त्या ठोक्याने ही पुढची चकती तिच्या स्वतःच्या, कितीतरी वरच्या सुरात झणझणते: सेकंदाला दोन हजार वेळा किंवा त्याहूनही जास्त. दोन हजारांच्या वरच का? आता आपल्या कानाकडे या. कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला बंद. एवढ्या लांबीची नळी नैसर्गिकपणे घुमते ती सेकंदाला ३००० कंपनांच्या आसपास. साहजिकच दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तिखट. म्हणजे हॉर्न बनवणाऱ्याने पत्र्याची चकती गाडीसाठी घडवलेली नाही, तुमच्या कानाच्या भोकाच्या मापाने घडवलेली आहे.

आणि बऱ्याच गाड्यांत हॉर्न दोन का असतात? एक खालच्या सुराचा, एक वरच्या. ठरलेली जोडी म्हणजे साधारण ४०० आणि ५०० कंपनं. गाणं शिकलेल्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. चारास पाच हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार! २०२१ साली नाशिकच्या एका कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हॉर्नमधून भारतीय वाद्यांचे आवाज यावेत अशी कल्पना मांडली, तेव्हा अनेकांना गंमत वाटली. वाद्यांचं पुढे काय व्हायचं ते होईल. सा आणि ग मात्र आपल्या बॉनेटखाली कधीचेच बसलेले आहेत. तुमच्या जुन्या गाडीचा हॉर्न हल्ली ‘पोकळ’ वाटत असेल, तर आधी हे तपासा की दोघांपैकी एक मुका तर झालेला नाही. वाजताना एकेकावर बोट टेकवून बघा. जो थरथरत नाही, तो गेला.

तर आता दुरुस्तीकडे. आतापर्यंतचं सगळं ध्यानात असेल, तर बिघाडाचं सारं शास्त्र एका वाक्यात मावतं: जिथे वीज तुटायला हवी तिथे ती तुटत नाही, किंवा जिथे तुटायला नको तिथे ती तुटली आहे. बॉनेट उघडण्याआधी नुसतं ऐका. बटण दाबल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज येतो? म्हणजे वीज पोचते आहे, चुंबक खेचतो आहे, पण सुटका होत नाही. पॉइंट एकमेकांना चिकटलेत, किंवा त्यांचं अंतर बिघडलंय. अशा वेळी बटण दाबून धरू नका. तुटण्याची सवय असलेली वीज आता अखंड वाहते आहे, फ्यूज उडेल किंवा वेटोळं जळेल. (मात्र गाडीत रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असेल तर ते ‘टक्’ त्याचंही असू शकतं. आवाज हॉर्नच्या बाजूने येतो की फ्यूजच्या डबीकडून, एवढं कान देऊन ठरवा.) घोगरा, फाटका आवाज? पडद्याला चीर गेली असेल, आत पाणी किंवा चिखल असेल, नाहीतर वीज अर्धीमुर्धीच पोचत असेल. काहीच आवाज नाही? तर मात्र गंमत आहे.

कारण पूर्ण मुक्या हॉर्नचा एक मोठा वर्ग असा, की तो न वाजवल्यामुळे मेला. पॉइंट बहुधा टंगस्टनचे असतात. अतिशय कठीण धातू, ठिणग्यांना पुरून उरतो. पण पडून राहिला की दमट हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्या थरातून वीज जात नाही. रोज वाजणाऱ्या हॉर्नमध्ये पॉइंटची आपटाआपट आणि ठिणग्या हा थर खरवडून काढत राहतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमच्या रस्त्यावरून गेल्या. आयुष्यभर त्यांचा हॉर्न काही बसून राहिला नाही. त्यांच्यासारखीच कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, आता कुणाच्या बंगल्यात ताडपत्रीखाली जपलेली पद्मिनी मात्र पावसाळ्यानंतर हटकून मुकी होते. जुने मेकॅनिक अशा हॉर्नवर पान्याने हलकेच दोन टिचक्या मारतात आणि तो बोलू लागतो. जादू नाही. धक्क्याने पॉइंट सरकतात, थराला ओरखडा पडतो, एकदा वीज गेली की उरलेलं काम ठिणग्याच करतात.

टिचक्यांनी भागलं नाही तर सरळ परीक्षा घ्या. हॉर्नच्या वायरी काढा आणि बॅटरीपासून थेट, फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरी त्याला जोडा. हॉर्नला एकच टर्मिनल असेल तर दुसरी वायर त्याच्या पत्र्याला लावा. अशा हॉर्नची अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, तो बसवायच्या पट्टीतूनच जाते. वाजला? मग हॉर्न निर्दोष, दोष वाटेत. नाही वाजला? मग वाटेला हात लावू नका. एका मिनिटात निम्मी गाडी संशयातून मुक्त!

आता वाट. आपल्याला वाटतं की वीज आधी बटणाकडे जाते आणि मग हॉर्नकडे, घरातल्या दिव्यासारखी. बऱ्याच जुन्या गाड्यांत उलटं असतं. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून थेट हॉर्न, आणि हॉर्नच्या पलीकडची वायर स्टिअरिंगकडे. म्हणजे गाडी उभी असो, चालू असो, हॉर्नपर्यंत वीज येऊन थांबलेलीच असते. तुमचं बोट फक्त शेवटचा दरवाजा उघडतं: ती वायर गाडीच्या अंगाला टेकवतं, अर्थ देतं. परतीची वायर वेगळी नाहीच. अख्खी बॉडी, दारं, चासी, सगळा पत्रा मिळून परतीची वाट.

यातून एक भुताटकी सुटते. मध्यरात्री, कुणी आत नसताना, जुनी गाडी एकटीच ओरडू लागते. वाडा जागा होतो. झालेलं असतं इतकंच, की हॉर्नपासून स्टिअरिंगकडे जाणाऱ्या वायरचं आवरण घासून गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. पत्र्याला काय माहीत, टेकलं ते बोटाने की गंजाने? अशा रात्री स्टिअरिंगवर बुक्के मारत बसू नका. हॉर्नचा फ्यूज उपटा, फ्यूज सापडला नाही तर हॉर्नवरची वायर ओढून काढा.

आणि पत्रा ही परतीची वाट असल्यामुळेच जुन्या गाडीतला सर्वांत फसवा बिघाड जन्मतो. हॉर्न क्षीण वाजतो. तुम्ही शहाण्यासारखा मल्टिमीटर आणता, हॉर्नच्या टर्मिनलला लावता. तो छातीठोकपणे सांगतो, बारा व्होल्ट. सगळं ठीक. तरी हॉर्न कण्हतो. खोटं कोण बोलतंय?

मीटर. म्हणजे खोटं नाही, पण अर्धं खरं. हॉर्नच्या वेटोळ्याचा रोध अडीच ओहम धरा आणि वाटेतल्या एका गंजक्या जोडाचा एक ओहम. बटण दाबलं की बारापैकी जवळजवळ साडेतीन व्होल्ट तो गंजच खाऊन टाकतो, हॉर्नला उरतात साडेआठ. पण मीटर लावला तेव्हा बटण दाबलेलं नव्हतं. मीटर स्वतः एवढी नगण्य वीज ओढतो, की त्याच एका ओहमवर व्होल्टचा जेमतेम दहा लाखावा भाग पडतो. गंज आहे हे त्याला कळणारच कसं? स्टँडवर उभ्या रिकाम्या एस.टी.चं इंजिन ठणठणीतच वाटतं. त्याचा दम कळतो तो भरल्या गाडीने घाट चढताना.

म्हणून गॅरेजमधल्या अनुभवी वायरमनच्या खिशात मीटरऐवजी दोन वायरी लावलेला साधा बल्ब असायचा. ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. वाटेत गंज असेल तर तो लगेच पिवळा, मंद पडतो. मीटरच वापरायचा हट्ट असेल तर दुसऱ्याला बटण दाबून धरायला सांगा आणि मीटरची दोन टोकं संशयित जोडाच्या दोन बाजूंना लावा. चांगला जोड जवळजवळ शून्य दाखवतो. जिथे दोन-तीन व्होल्ट दिसले, तो चोर. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, वायरची रिंग नवी लावा, नटबोल्ट आवळा. हॉर्न बदलण्याचे पैसे वाचले. अर्थचा एक बोल्ट घासून ‘नवा’ हॉर्न मिळाल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांना पैशाला पासरी माहीत असतात. त्यातले काही ती गिऱ्हाइकाला सांगतात, काही सांगत नाहीत.

जोड ठीक, वायर ठीक, तरी मुका? मग चाकाकडे वळा. स्टिअरिंग तर गरगर फिरतं. त्याच्या मधल्या बटणापर्यंत वायर गेली असेल तर तिला पीळ पडून ती तुटायला नको? इथेही कुणीतरी डोकं चालवलं आहे. चाकाखाली पितळेची एक गोल पट्टी असते आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला एक छोटा ठोकळा टेकलेला. चाक कितीही फिरो, ठोकळा पट्टीवर घसरत राहतो, वाट तुटत नाही. वर्षानुवर्षांच्या घासण्याने पट्टीवर काळी पुटं चढतात, ठोकळा झिजतो. मग हॉर्न चाक सरळ असताना वाजतो आणि वळणावर, नेमका हवा तेव्हा, गप्प. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याला रबराचा सांधा असतो, आणि रबरातून वीज कशी जाणार? त्यासाठी सांध्याला वळसा घालून तांब्याची एक विणलेली पट्टी दिलेली असते. मागच्या दुरुस्तीत ती परत लावायची राहून गेली की हॉर्न गेला आणि माणूस बॉनेटखाली शोधत बसला. (एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग मात्र घरी उघडू नका, तिथली रचना वेगळी आणि धोका खरा.)

उरला खुद्द हॉर्न. त्याच्या पाठीवर रंगाचा किंवा लाखेचा ठिपका लावलेला एक छोटा स्क्रू असतो. पॉइंटचं अंतर तो ठरवतो. पॉइंट झिजले की अंतर बदलतं आणि आवाज बसतो. जुन्या ल्यूकस हॉर्नची रीत अशी: आवाज जेमतेम बंद होईल इतका स्क्रू उलटा फिरवायचा आणि तिथून पाव फेरा परत आणायचा. पाव फेरा! गप्प हॉर्न आणि खणखणीत हॉर्न यांत एवढंच अंतर. मधोमध खाच असलेला मोठा गाभा आणि त्यावरचा नट दिसेल, त्याला मात्र हात लावू नका; चुंबक आणि दट्ट्या यांच्यातली बारीक फट तो सांभाळतो आणि एकदा ती हलली की पुन्हा जुळवणं अवघड.

हॉर्न बॉडीला घट्ट आवळलेला नसतो, लवचिक पट्टीवर टांगलेला असतो, हेही लक्षात ठेवा. कुणी हौसेने जाड पट्टी लावली किंवा हॉर्न पत्र्याला टेकला, की आवाज निम्मा होतो. हॉर्नच्या मागच्या भागाला हलायला जागा नसेल तर पडद्याचं हलणं बिघडतं. शंखासारखा वेटोळ्याचा हॉर्न असेल तर त्याचं तोंड खाली हवं, नाहीतर कोकणातला एक पाऊस आणि आत तळं. शिवाय कुंभारीण माशीला असं वळणदार, कोरडं बीळ फार आवडतं. आतून चिखलाचं घर निघालं तर नवल मानू नका.

एक शेवटची परीक्षा राहिली, आणि ती जुन्या स्कूटरवाल्यांसाठी. तुमच्याकडे आकुर्डीच्या कारखान्यातली बिनबॅटरीची बजाज असेल, तर इंजिन बंद असताना हॉर्न वाजत नाही, सावकाश चालू असताना कण्हतो आणि रेस दिली की खणखणतो. हा बिघाड नाही. तिथली वीज बॅटरीची नाही, इंजिनवर फिरणाऱ्या मॅग्नेटोची आहे आणि ती मुळातच पुढेमागे होणारी. आपोआप थरथरणाऱ्या विजेला तोडायचं कशाला? म्हणून त्या हॉर्नमध्ये पॉइंट नाहीतच, पट्टी नाही, तूट नाही. आता असा धडधाकट हॉर्न काढून वर सांगितल्याप्रमाणे बॅटरीला लावून बघा. तो एकदाच ‘टक्’ करील आणि थांबेल. मोटारीच्या हॉर्नला दोषी ठरवणारं लक्षण इथे त्याच्या निरोगीपणाचं आहे. स्कूटरला नंतर बॅटरी बसवून घेतली असेल, तर जुना हॉर्न तसाच ठेवून चालणार नाही. दुकानात हॉर्न मागताना एसी की डीसी, हे आधी सांगा.